ऐन-काफ-लाम (अरबी धातू)

ऐन, काफ आणि लाम या तीन व्यंजनांनी बनलेला अभिजात अरबी भाषेतील धातू. यापासून झालेले ‘अक्ल’ (बुद्धी) हे नाम फारसीच्या वाटेने मराठीत ‘अक्कल’ म्हणून रुळले आहे. अरबी कोशांत मात्र या धातूखाली बुद्धीच्या शेजारीच उंट, दोरखंड, किल्ला आणि खुनाची भरपाई यांच्याही नोंदी सापडतात.

उंट पळून जाऊ नये म्हणून त्याचा पुढचा पाय दुमडून बांधणे हा या क्रियापदाचा एक ठोस, वाळवंटी जीवनातला अर्थ असून त्या दोरीला ‘इकाल’ म्हणतात. अरब पुरुष डोक्यावरचा रुमाल सावरण्यासाठी जो गोफ घालतात त्याचेही नाव हेच आहे. दहाव्या शतकातील कोशकार इब्न फारिस याने शक्य तिथे प्रत्येक धातूचा एखादा मूलार्थ शोधण्याचा प्रयत्न केला. या धातूचा मूलार्थ त्याने ‘अडवून धरणे’ असा दिला आणि माणसाला अनुचित बोलण्या-वागण्यापासून रोखते ती अक्ल, अशी संगती लावली. ही व्युत्पत्ती पटण्याजोगी आहे, तरी सगळे अर्थ एकाच सूत्रात ओवण्याच्या कोशकारांच्या हौसेचे भानही ठेवले पाहिजे.

खुनाबद्दल मृताच्या नातलगांना द्यायच्या भरपाईलाही ‘अक्ल’ म्हणतात. ही भरपाई परंपरेने शंभर उंटांची असे आणि ते उंट मृताच्या आप्तांच्या अंगणात आणून बांधले जात, असे याचे स्पष्टीकरण कोशकार देतात. मारेकऱ्याच्या वतीने हा भार उचलणारे पितृकुळातील आप्त म्हणजे ‘आकिला’. इस्लामी विधिशास्त्रात ही संज्ञा आजही चालते. ‘माकिल’ म्हणजे आश्रयाचा दुर्ग, तर आधुनिक अरबीतील ‘मुअतकल’ म्हणजे बंदी-छावणी. एकाच बंधनातून कुणाला संरक्षण मिळते आणि कुणाला कैद. जुलाब थांबवून पोट बांधणाऱ्या औषधासाठीही हेच क्रियापद येते.

अर्थांची ही गर्दी वादालाही कारण झाली. पैगंबरांच्या निधनानंतर (इ. स. ६३२) काही टोळ्यांनी जकात (इस्लाममधील सक्तीचे धार्मिक दान) नाकारली, तेव्हा पूर्वी दिला जाणारा एक इकाल जरी त्यांनी रोखला तरी मी लढेन, असे खलीफा अबू बक्र म्हणाल्याची परंपरा आहे. इथे इकाल म्हणजे नुसती दोरी की वर्षभराची जकात, यावर भाषापंडितांत मतभेद झाले. काही पाठांत तर इकालऐवजी शेळीचे पिल्लू असा शब्द येतो. दोरी हा अर्थ घेतल्यास उद्गाराला जी धार येते, ती दुसऱ्या अर्थाने बोथट होते.

तत्त्वज्ञानात ग्रीक विचारातील बुद्धितत्त्वासाठी ‘अक्ल’ हीच संज्ञा रूढ झाली आणि अल्-फाराबी (मृत्यू इ. स. ९५०) याने तिच्या निरनिराळ्या अर्थांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. लेबनॉन-सीरिया भागातील द्रूझ या धर्मपंथाच्या समाजात धर्मरहस्याची दीक्षा घेतलेल्यांना ‘उक्काल’, म्हणजे जाणते, म्हणतात. कुराणात हा धातू ४९ वेळा येतो, पण प्रत्येक वेळी क्रियापद म्हणून, समजून घेणे या अर्थाने. ‘अक्ल’ हे नाम तिथे एकदाही येत नाही. मराठीने उचलले ते नेमके हे नाम, आणि अक्कलहुशारी, अक्कलदाढ, अक्कलखाते असे आपले शब्द त्यावर घडवले.