केस हार्डनिंग की थ्रू हार्डनिंग? कानस हे सांगत नाही

जुन्या बॉल बेअरिंगची रिंग आणि इंजिनातली पिस्टन पिन, दोन्हींवर कानस फिरवून बघा. दोन्हींवरून ती काचेवरून सरकावी तशी सरकते, दात बसतच नाहीत. आपण म्हणतो ‘पाणी दिलेलं आहे’, म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं, आणि कामाला लागतो. पण रिंग पार आतपर्यंत कडक असते आणि पिनेचं फक्त कातडं कडक असतं. मुंबईतल्या साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये या एका गोंधळापायी किती पार्ट भंगारात गेलेले मी पाहिलेत!

फरक कार्बनचा आहे. बेअरिंगच्या ईएन 31 पोलादात मुळातच जवळपास 1 टक्का कार्बन असतो, म्हणून तापवून तेलात बुडवलं की ते आतपर्यंत कडक होतं. हे थ्रू हार्डनिंग. पिनेच्या पोलादात कार्बन साधारण 0.2 टक्क्याच्या आसपास, नुसतं पाणी देऊन तेवढा कडकपणा येणारच नाही. म्हणून ती 900 अंशांच्या वर काही तास कार्बनच्या सान्निध्यात ठेवतात. वरच्या थरात कार्बन मुरतो आणि मग पाणी दिलं की तेवढाच थर कडक होतो, बहुतेक वेळा अर्धा ते दीड मिलिमीटर. हे केस हार्डनिंग. आतला गाभा चिवट राहतो, त्यामुळे धक्का बसला तरी पिन तुटत नाही.

हे मी स्वतः नुकसान सोसून शिकलो. एका फिक्स्चरची (काम पकडून ठेवणाऱ्या साच्याची) पिन बुशमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत बसते तिच्यात, जाड पडत होती. ग्राइंडिंगवर व्यास दीड मिलिमीटरने उतरवला, म्हणजे प्रत्येक बाजूने पाऊण. पिन छान चकाकत होती, बसलीही झकास. तीन आठवड्यांत तिच्यावर नखाला लागेल एवढी चर पडली. कडक थर मी स्वतःच्या हाताने घासून टाकला होता. बेअरिंगच्या पोलादाची पिन असती तर काहीच बिघडलं नसतं, कितीही उतरवा, आतही तेवढीच कडक.

मग ओळखायचं कसं? गॉगल लावून टाकाऊ तुकडा ग्राइंडरवर एकाच जागी धरा. केस हार्डनिंग असेल तर सुरुवातीच्या ठिणग्यांना फुलबाजीसारखे भरपूर फाटे फुटतात. चाक आत गेलं की फाटे कमी होतात आणि ठिणग्या लांब, सरळ होत जातात. थ्रू हार्डनिंगमध्ये फुलबाजी शेवटपर्यंत तशीच. तुकडा मोडता आला तर आणखी सोपं: कडेला बारीक दाण्याचं राखाडी कडं आणि आत वेगळा दिसणारा गाभा म्हणजे केस हार्डनिंग.

भोक पाडायचं असेल तर केस हार्डनिंगवाल्या पार्टचा वरचा थर त्या जागी ग्राइंडरने काढा, पुढे साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल बहुधा चालतं. थ्रू हार्डनिंगला ही पळवाट नाही. सॉलिड कार्बाइड ड्रिल लागतं, नाहीतर ईडीएम, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून भोक पाडणं.

जोडण्याचंही तसंच. थर काढून उघड्या गाभ्यावर वेल्डिंग जमतं. ईएन 31 वर सरळ वेल्डिंग मारलं तर थंड होताना ‘टक्’ आवाज येतो आणि जोडाशेजारी चीर गेलेली दिसते. चांदीचं ब्रेझिंग सौम्य वाटतं, पण तेही 600 अंशांच्या वर जातं आणि दोन्हींचा कडकपणा उतरतो. रंगावर लक्ष ठेवा: पोलाद निळं पडलं म्हणजे 300 अंशांच्या आसपास पोहोचलं, आणि कडकपणा त्याआधीच उतरू लागलेला असतो. शक्य असेल तिथे प्रेस फिट करा (दाबून घट्ट बसवा) किंवा रिटेनिंग कंपाउंड, म्हणजे धातूचे पार्ट चिकटवणारा गोंद, वापरा, आगीची गरजच पडत नाही.

नवा पार्ट हार्डनिंगला देताना चिठ्ठीवर नुसतं ‘58-60 एचआरसी’ (कडकपणाचं रॉकवेल माप) लिहू नका. केस हार्डनिंग असेल तर ग्राइंडिंगनंतर किती थर उरायला हवा तेही लिहा: 0.8 उरायला हवा आणि बाजूने 0.15 घासणार असाल, तर 1 मिलिमीटर मागा.