प्रपंचाची चिंता, द्रव्याचा मोह

पेरणाऱ्याचा दाखला सांगून झाल्यावर प्रभू येशू त्याचा अर्थ उलगडून सांगतो, तेव्हा बी ज्यांत पडते त्या काटेरी झुडपांची नावे तो एका दमात घेतो: प्रपंचाची चिंता आणि द्रव्याचा मोह (मार्क ४:१९). बी चांगले असते, रुजतेही. पण या झुडपांत त्याची वाढ खुंटते. चिंता आणि मोह यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात, हे इथेच सांगून झाले आहे. ‘भक्ती की पैसा’ हा प्रश्न आपण बहुतेक वेळा पैशाच्या अंगाने मांडतो. ख्रिस्ती परंपरेत तो पहिल्या दिवसापासून वेळेचा आणि मनाच्या ओढीचाही प्रश्न आहे.

मार्थेची गोष्ट घ्या (लूक १०). तिला पैशाचा लोभ नव्हता. घरी प्रत्यक्ष प्रभू आला होता आणि ती त्याच्याच पाहुणचाराच्या धांदलीत होती. तरी प्रभू तिला प्रेमाने अडवतो: तू किती गोष्टींची काळजी वाहतेस! इथे मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच डोंगरावरच्या प्रवचनात ‘काय खावे, काय प्यावे याची चिंता करू नका’ या वचनात येते. आणि तिथे ते कुठल्या वाक्यापाठोपाठ येते? देवाची आणि धनाची सेवा एकाच वेळी करता येत नाही, या वाक्यापाठोपाठ.

अशाच दोन वचनांनी एका तरुणाचे आयुष्य कसे पालटले, याची हकिकत अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने चौथ्या शतकात लिहून ठेवली. इजिप्तमधला अँथनी अठरा-वीस वर्षांचा असताना आईवडील वारले. पदरी धाकटी बहीण, आणि नावावर ३०० अरौरा सुपीक जमीन. अरौरा हे तिथले जमीन मोजण्याचे माप. एके दिवशी उपासनेत त्याने वचन ऐकले: पूर्ण व्हायचे असेल तर जा, असेल नसेल ते विकून गरिबांना दे. त्याने जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, सामानसुमान विकून पैसे वाटले. बहिणीसाठी मात्र थोडे बाजूला ठेवले. पुढे पुन्हा एकदा तो उपासनेला गेला आणि कानावर पडले: उद्याची चिंता करू नका. बाहेर येऊन त्याने तेही देऊन टाकले.

हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वचनाने त्याची जमीन सुटली. ‘असू दे, उद्या लागेल’ म्हणून राखलेली पुंजी सुटायला दुसरे वचन लागले. बहिणीला त्याने विश्वासू व्रतस्थ कुमारिकांच्या हाती सोपवले. तिला काय वाटले असेल, हा प्रश्न मात्र मला दर वेळी टोचतो. अथनेशियस पुढे एवढे सांगतो की ती त्याच व्रतात म्हातारी झाली आणि इतर कुमारिकांना मार्ग दाखवू लागली.

वाळवंटात गेल्यावरही अँथनीचे मन सैरभैर व्हायचेच. वाळवंटातल्या वडिलांच्या, म्हणजे तिथे राहणाऱ्या जुन्या संन्याशांच्या, आठवणींत एक प्रसंग येतो. असाच तो उदास होऊन बसलेला असताना त्याला एक माणूस दिसला. तो बसून दोर वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोर वळत होता. तो देवदूत होता. ‘असे कर, म्हणजे तरशील,’ एवढेच तो म्हणाला. हातातले काम टाकून दे, असे तोही म्हणाला नाही.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठांसाठी नियम लिहिला, त्यात हीच लय दिवसभरात बांधली आहे. प्रार्थनेची खूण कानी पडताच हातातले काम असेल तसे ठेवून निघायचे. लेखणीसुद्धा ‘माझी’ म्हणायची नाही. आणि मठाचे भांडार सांभाळणाऱ्याने तिथली भांडी-अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायची. पुढे मठच श्रीमंत झाले. १०९८ मध्ये फ्रान्समधल्या सीतो येथील नव्या मठात पुन्हा साधेपणाने सुरुवात झाली, काही पिढ्यांत तिथेही जमिनी आणि लोकरीचा पैसा आला. १२०६ च्या सुमारास असिसीच्या कापडव्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस याने बिशपसमोर अंगावरचे कपडेही वडिलांना परत केले.

पण हे सगळे घरदार सोडलेले लोक. ज्यांच्या मागे मुलेबाळे आहेत, धंदा आहे, त्यांनी काय करायचे?

जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरची हजामत करणाऱ्या पेटरने त्याला जवळपास हेच विचारले: प्रार्थना कशी करू? लूथरने १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिकाच लिहिली. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असू दे, असे तो सांगतो. ‘जरा थांब, तासाभराने करतो, आधी हे एवढे उरकतो’ या विचारापासून सांभाळ, कारण ते एवढे उरकता उरकता दिवस हातचा जातो. आणि मग तो पेटरच्याच हातातला वस्तरा उचलतो. चांगल्या न्हाव्याची नजर आणि मन वस्तऱ्यावर आणि केसांवर असते. तो बडबडत राहिला, इकडेतिकडे बघू लागला, तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, गळाही कापेल. कुठलेही काम नीट व्हायचे तर पूर्ण मन लागते, मग प्रार्थनेला किती लागेल? गिऱ्हाइके घेत दिवस काढणाऱ्या माणसाला त्याच्याच कामातून दिलेले हे उत्तर आहे.

पुढच्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेल संप्रदायाच्या मठात ब्रदर लॉरेन्स वर्षानुवर्षे स्वयंपाकघरात राबला. ते काम त्याला मुळात आवडत नव्हते. भांड्यांचा खणखणाट, चार जणांच्या एकदम हाका, आणि त्यातही वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखा देव आपल्याला जवळ असतो, असे तो म्हणे. त्याची पत्रे आणि संभाषणे त्याच्या मृत्यूनंतर, १६९१ नंतर, छापली गेली.

पैशाचा हिशेब मात्र सर्वांत उघडपणे मांडला तो अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने. ऑक्सफर्डच्या मेथडिस्टांपैकी एकाचे उदाहरण तो देतो. तो माणूस स्वतः वेस्लीच असावा असे सर्वसाधारणपणे मानतात. वर्षाला ३० पौंड मिळाले तेव्हा त्या माणसाने २८ मध्ये भागवले आणि २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८, दान ३२. मग ९०, मग १२०. खर्चाचा आकडा २८ वरच राहिला. पण १७८६ मध्ये, ८३ व्या वर्षी, वेस्लीने आपल्याच लोकांविषयी काळजीने लिहिले. भक्तीने माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्यातून पैसा येतो, आणि पैसा वाढला की भक्ती आटते. कष्ट करू नका, बचत करू नका, असे तर त्याला सांगता येईना. त्याला एकच वाट दिसत होती: जे शक्य तेवढे मिळवतात आणि शक्य तेवढे वाचवतात, त्यांनी शक्य तेवढे देऊनही टाकावे.