हिस्टोग्रॅम-साधने, कमांड लाइनवरील (मूलकण भौतिकी)

मूलकण भौतिकीत टकरींची मोजमापे बहुतेक वेळा हिस्टोग्रॅमच्या, म्हणजे दहावीच्या पुस्तकातल्या आयतालेखाच्या, रूपात साठवली जातात. असे हिस्टोग्रॅम एकत्र करणे, त्यांची उंची ठरावीक गुणकाने बदलणे आणि एका प्रकारच्या फाइलमधून दुसऱ्या प्रकारात नेणे ही कामे टर्मिनलवरच्या एका ओळीत उरकणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे ही साधने. रूट या विदा-विश्लेषण प्रणालीतले, हिस्टोग्रॅम जोडणारे ‘एच-अ‍ॅड’ आणि योडा या लायब्ररीसोबत येणारी ‘योडास्केल’, ‘योडामर्ज’, ‘योडाडिफ’ व ‘योडा-टू-रूट’ ही त्यांतली रोजच्या वापरातली. एका विश्लेषणात शेकडो हिस्टोग्रॅम असतात आणि तेच विश्लेषण अनेक संगणकांवर तुकड्यातुकड्याने चालते. माऊसने एकेक आलेख उघडून हे काम होण्यासारखे नाही.

सर्न या युरोपातल्या मूलकण संशोधन संस्थेत पूर्वी एचबुक आणि पॉ ही फोर्ट्रानमधली साधने वापरात होती. १९९०च्या दशकाच्या मध्यात रेने ब्रून आणि फॉन्स रॅडेमेकर्स यांनी रूटची उभारणी सुरू केली; जुन्या एचबुक फाइल नव्या प्रकारात आणणारे ‘एच-टू-रूट’ त्यासोबतच आले. योडाचा उगम वेगळा. सैद्धांतिक प्रारूपे प्रयोगांच्या निकालांशी ताडून पाहणाऱ्या रिव्हेट या प्रणालीत आधी आयडा नावाचा एक्सएमएल प्रकार वापरत. रिव्हेटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्याची जागा योडाने घेतली. योडाची फाइल साधा मजकूर असते, कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते. पुढे पाहू त्या अडचणींमध्ये या गोष्टीचा फार उपयोग होतो.

स्केल करणे म्हणजे प्रत्येक रकान्यातली (आयतालेखाच्या एकेका आयतातली) बेरीज एका संख्येने गुणणे. गुणक कोणता घ्यायचा, हे भौतिकी सांगते. समजा, एका प्रक्रियेचा काटछेद, म्हणजे ती टकरीत घडण्याच्या शक्यतेचे माप, २० पिकोबार्न (२०,००० फेम्टोबार्न) आहे आणि संगणकावर तिच्या १० लाख घटना, म्हणजे नकली टकरी, तयार केल्या. सर्नच्या एलएचसी या, कणांना वेग देऊन टकरी घडवणाऱ्या त्वरकाच्या दुसऱ्या सत्रात, २०१५ ते २०१८ दरम्यान, तिथल्या अ‍ॅटलास या प्रयोगाने सुमारे १४० व्यस्त फेम्टोबार्न (टकरींच्या एकूण संख्येचे माप) इतकी विदा, म्हणजे डेटा, गोळा केली. तेवढ्या विदेत अशा २०,००० गुणिले १४०, म्हणजे २८ लाख घटना अपेक्षित आहेत, म्हणून गुणक २.८. एखाद्या रकान्यात ४०० घटना असतील तर स्केल केल्यावर तिथे ११२० दिसतील.

खरी मेख त्रुटीत आहे. ४०० घटनांची सांख्यिकी त्रुटी, म्हणजे मोजणीतली अनिश्चितता, ४००चे वर्गमूळ २०, ती २.८ने गुणली की ५६ येते. पण साधनाने नुसती उंची बदलली आणि आलेख काढणाऱ्याने ११२०चे वर्गमूळ घेतले, तर त्रुटी साधारण ३३ दिसेल. म्हणजे न केलेल्या मोजणीतून अचूकता मिळाली! हे टाळण्यासाठी प्रत्येक रकान्यात घटनांच्या भारांची (एकेक घटना कितीची धरायची त्या वजनांची) बेरीज आणि भारांच्या वर्गांची बेरीज अशा दोन संख्या वेगळ्या जपतात. पहिली गुणकाने आणि दुसरी गुणकाच्या वर्गाने बदलते. वरच्या उदाहरणात दुसरी बेरीज ४००वरून ३१३६ होते आणि तिचे वर्गमूळ बरोबर ५६ येते. योडात दोन्ही संख्या कायम असतात. रूटमध्ये वर्गांची बेरीज ठेवण्याची सोय वेळेवर चालू केली आहे ना, याची खात्री करून घेणे शहाणपणाचे.

सोलापूरकरांना हा हिशेब पावसावरून चटकन उमगेल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पावसाचे थेंब आकारानुसार मोजणारे उपकरण जी गणती देते ती हिस्टोग्रॅमच असते. तिला उपकरणाचे क्षेत्रफळ आणि मोजणीचा वेळ यांनी भागले की चौरस मीटरवर दर सेकंदाला किती थेंब पडले ते कळते. मात्र मुळात नऊच थेंब सापडले असतील, तर भागाकारानंतर आकडा कितीही भारदस्त दिसला तरी त्यातली अनिश्चितता एक-तृतीयांशच राहते.

योडास्केलला गुणक थेट देता येतो, किंवा संदर्भ फाइल देऊन ‘यातल्या क्षेत्रफळाशी जुळवून घे’ असेही सांगता येते. कोणते हिस्टोग्रॅम बदलायचे ते नावांच्या नमुन्यावरून ठरते. क्षेत्रफळ एकवर आणताना एक बारीक फरक लक्षात ठेवावा: योडा साध्या वापरात आलेखाच्या कक्षेबाहेर सांडलेल्या घटनाही बेरजेत धरते, रूटचे इंटिग्रल हे बेरीज काढणारे फंक्शन मात्र त्या वगळते. शेपटी लांब असलेल्या वितरणात दोन्हींची उत्तरे जुळत नाहीत आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

एकत्रीकरण दिसते तितके सोपे नाही. एका संगणकावर १ लाख आणि दुसऱ्यावर ९ लाख घटना तयार केल्या, दोन्ही हिस्टोग्रॅमचे क्षेत्रफळ आधीच एकवर आणले आणि मग एच-अ‍ॅडने जोडले, तर क्षेत्रफळ दोन होते. त्याचे निम्मे केले तरी १ लाखवाल्याला ९ लाखवाल्याइतकेच वजन मिळते, जे चूक आहे. योडामर्ज फाइलमध्ये नोंदलेला आधीचा गुणक वाचून तो उलटवते, मूळ बेरजा जोडते आणि मग पुन्हा स्केल करते. गुणोत्तरे आणि कार्यक्षमता (एकूण घटनांपैकी किती निवडल्या गेल्या ते प्रमाण) यांच्यापुढे मात्र तेही हतबल ठरते, कारण भागाकार झाल्यावर अंश व छेद हरवतात. म्हणून रिव्हेटच्या तिसऱ्या आवृत्तीपासून कच्च्या बेरजाही फाइलमध्ये ठेवतात आणि एकत्रीकरणानंतर शेवटची पायरी नव्याने चालवतात. आधी जोडा, मग स्केल करा, हा क्रम पाळला तर निम्मी डोकेदुखी टळते.

रूपांतरात काय गळते, हे बहुतेक माहितीपत्रकांत एका ओळीत उरकलेले असते. ते अन्यायकारक आहे. योडाच्या प्रत्येक रकान्यात भारित सरासरीसाठी लागणाऱ्या बेरजाही असतात. रूटच्या साध्या एकमितीय हिस्टोग्रॅममध्ये त्या रकान्यागणिक ठेवायला जागा नाही, म्हणून योडातून रूटमध्ये जाऊन परत आलेली फाइल मूळची राहत नाही. योडात दोन रकान्यांमध्ये फट चालते. रूटच्या अक्षावर रकाने एकमेकांना लागून असावे लागतात. मग त्या फटीचा एकतर रिकामा रकाना होतो किंवा सगळा आलेख सुट्या बिंदूंच्या रूपात न्यावा लागतो. आलेख काढण्यासाठीच्या ‘फ्लॅट’ प्रकारात तर किंमत आणि त्रुटी एवढेच उरते. अशी फाइल छापायला उत्तम, पुढच्या हिशेबाला निरुपयोगी. २०२३ साली आलेल्या योडा २मध्ये हिस्टोग्रॅमसारख्या प्रोग्रॅममधल्या वस्तूंची (ऑब्जेक्टची) रचना बदलली, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट आहेत तशा चालतील असे गृहीत धरू नये.

ही साधने मुक्त आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. सोलापुरात २००४ साली स्थापन झालेले, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे विद्यापीठ आहे. संगमेश्वर, वालचंद, दयानंद अशी जुनी महाविद्यालयेही आहेत. इथल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला या विषयात प्रकल्प करायला त्वरक लागत नाही. सर्नचे खुले विदा संकेतस्थळ २०१४पासून उपलब्ध आहे आणि प्रसिद्ध निकालांचे आकडे हेपडेटा या भांडारातून योडा, रूट किंवा सीएसव्ही प्रकारात उतरवता येतात. लिनक्स असल्यास उत्तम. विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली बसवून काम भागते. रूट बसवायचे नसेल, तर पायथॉनमधली अपरूट लायब्ररी रूट फाइल वाचून आकडे नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीच्या रांगांमध्ये (अ‍ॅरेमध्ये) देते.

प्रकल्पाची सुरुवात एका छोट्या कसोटीने करावी: हेपडेटावरची एक योडा फाइल घ्यावी, तिचे रूपांतर करून परत आणावे आणि मूळ फाइलशी योडाडिफने ताडून पाहावी. फरक कोणत्या स्तंभात पडला, ते मजकुरातच दिसते.