साईड मागण्यापासून लेनपर्यंत : एक्स्प्रेसवेवरच्या वेगमर्यादेची पार्श्वभूमी

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या वेगावर वाद निघाला की बोलणं ८०, १०० आणि १२० या आकड्यांभोवतीच फिरतं. या रस्त्याचा इतिहास पाहिला तर आकडे सरकारी कागदावर भराभर बदललेले दिसतात. गाडी चालवण्याची सवय मात्र जुन्या दुपदरी रस्त्यावरची आहे आणि ती फारशी हललेली नाही. घोळ बराचसा तिथेच आहे.

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला, कळंबोली ते किवळे असा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा हा सहापदरी काँक्रीटचा रस्ता. त्याचे पहिले टप्पे २००० मध्ये उघडले आणि २००२ पासून तो पूर्ण वापरात आला. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना तिथे सुरुवातीपासूनच बंदी आहे. मोटारींची मर्यादा बरीच वर्षं ८० होती, घाटात ५०.

वेगमर्यादेचं कायद्यातलं मूळ त्याहून जुनं आहे. १९१४ आणि १९३९ चे मोटार कायदे जाऊन १९८८ चा आला. त्याच्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवतं, आणि सुरक्षिततेसाठी एखाद्या पट्ट्यात तो आणखी कमी करण्याचा अधिकार राज्याला असतो. एप्रिल २०१८ मध्ये केंद्राने एक्स्प्रेसवेवर मोटारींना १२०, बसला १०० आणि मालवाहू गाड्यांना ८० अशी कमाल मर्यादा ठरवली. चौपदरी दुभाजकाच्या रस्त्यावर मोटारींना १०० दिले. महाराष्ट्राने हा १२० चा आकडा मुंबई-पुण्याला जसाच्या तसा लावला नाही. २०१९ च्या अखेरीस इथे मोटारींना १०० ची मुभा मिळाली, आणि घाटातला आकडा पुढे ५० वरून ६० झाला. दरम्यान २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात २०१८ ची ती अधिसूचनाच रद्द ठरवली. वेग वाढवणं आणि अपघात कमी करणं या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत, असा त्या निकालाचा रोख होता.

आकडे का महत्त्वाचे, ते थांबण्याच्या अंतरावरून कळतं. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद जातो असं धरू. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर ८० च्या वेगातली मोटार सुमारे ७० मीटरमध्ये थांबते, १०० ला जवळपास ९८ मीटर लागतात आणि १२० ला १३० च्या वर. आता वाचणारा वेळ पाहू. घाट वगळून सपाटीचे ७५ किलोमीटर धरले, तर ८० ऐवजी १०० ने गेल्यावर वाचतात सव्वाअकरा मिनिटं, तीही वाटेत एकदाही वेग कमी झाला नाही तर. खालापूरच्या टोलनाक्यावर एक रांग लागली की त्यातली निम्मी गेली.

पण या रस्त्याची खरी दुखरी नस वेगातल्या फरकात आहे. मधल्या लेनमध्ये ट्रक ६० ने चाललाय आणि मागून मोटार १०० ने येतेय. दोघांमधलं अंतर दर सेकंदाला ११ मीटरने कमी होतं. घाटात चढताना भरलेला ट्रेलर वीस-पंचवीसवर येतो, आणि त्याला ओलांडायला दुसरा ट्रेलर तीसने उजवीकडे निघाला की तीनपैकी दोन लेन बंद.

इथे जुन्या रस्त्याची भाषा आड येते. दुपदरी रस्त्यावर पुढे जायचं तर समोरच्याकडून साईड मागावी लागे. हॉर्न द्यायचा, रात्री डिपर मारायचा; ट्रकवाला समोरचा रस्ता मोकळा पाहून हात हलवायचा. ही हाताची खूण मनमानी नव्हती, १९८९ च्या रस्ता-नियमांत ती लिहिलेली होती : उजवा हात बाहेर काढून मागे-पुढे अर्धवर्तुळात फिरवायचा. पुढे हाताची जागा उजव्या इंडिकेटरने घेतली आणि गोंधळ तिथून सुरू झाला. ट्रकचा उजवा इंडिकेटर लागला की एक ड्रायव्हर समजतो ‘जा पुढे’, दुसरा समजतो ‘मी उजवीकडे येतोय’. दुपदरी रस्त्यावर पहिला अर्थ बहुतेकदा खरा निघायचा. एक्स्प्रेसवेवर तोच अर्थ धरून उजवीकडून घुसलात तर ट्रक तुमच्याच लेनमध्ये येतो. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवायला महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंदी घातली. अक्षरं काही पुसली गेली, काही अजून दिसतात. हॉर्नची सवय तशीच आहे.

उजव्या लेनला आपण ‘फास्ट लेन’ म्हणतो, तेही चुकीचंच. ती ओलांडण्यापुरती आहे, ओलांडून झालं की डावीकडे यायचं. ‘मी शंभरनेच चाललोय, मागच्याने का बडबडावं?’ म्हणत तिथेच ठाण मांडणारा नियमातल्या वेगाने जात असतो, पण मागच्याला डावीकडून ओलांडायला भाग पाडतो.

घाटाची गोष्ट वेगळी. डिझेल वाचवायला काही ट्रक बोरघाट न्यूट्रलवर उतरतात. मग सगळा भार ब्रेकवर येतो, चाकाला घासणारे ब्रेकचे लायनर तापतात आणि पकड सुटते. त्यात इंजिनही बंद केलं असेल तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, आणि दर ब्रेकला टाकीतली हवा उतरत जाते. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरने चढतोस त्याच गिअरने उतर. तेच बरोबर आहे.

दुभाजक ओलांडून समोरच्या लेनमध्ये जाणाऱ्या गाड्या हा इथला आणखी एक जुना धोका. डिसेंबर २०१२ मध्ये अशाच टेम्पोच्या धडकेत अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. पुढे मधल्या पट्ट्यात तारांच्या दोरांचे कठडे लागले. २०१६ मध्ये या रस्त्यावर १५१ मृत्यू झाले आणि त्याच वर्षी ‘झिरो फेटॅलिटी कॉरिडॉर’चं, म्हणजे रस्त्यावरचे मृत्यू शून्यावर आणण्याचं, काम सुरू झालं : उघड्या कडा झाकणं, पुलांच्या खांबांपुढे कठडे लावणं, उभ्या ट्रकवर लक्ष ठेवणं.

२०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा आहे, आणि ती सरासरी वेगही मोजते. कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमध्ये १० किलोमीटर असतील आणि तुम्ही ते पाच मिनिटांत कापले, तर सरासरी १२० निघते. कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारून मग पुन्हा पळायची युक्ती इथे चालत नाही. कायद्यातला दंड हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला २,००० ते ४,०००.

उजव्या लेनमधून ५० ने जाणारा ट्रक मात्र वेगाच्या कॅमेऱ्यात सापडत नाही, त्याला लेन मोडल्याचंच चलन लागतं. डावी का सोडली विचाराल तर त्याचं उत्तरही ठरलेलं : डावीकडे पंक्चर झालेल्या गाड्या उभ्या असतात.