अ‍ॅक्रिलिकचा सांधा कसा जुळतो

अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक शीटपासून इमारतीची प्रतिकृती करताना तुकडे जोडण्यासाठी क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन वापरतात. या द्रवांना सर्रास गोंद म्हटले जात असले, तरी सांधा वाळल्यावर त्यांचा मागमूस उरत नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. वरचे द्रव हे द्रावक, म्हणजे विरघळवणारे द्रव आहेत. द्रावकाने त्याचा पृष्ठभाग मऊ पडला, की दोन्ही तुकड्यांतील लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर तेथे केवळ अ‍ॅक्रिलिकच राहते.

तुकडे आधी कोरडेच जुळवून धरावेत आणि सिरिंजच्या बारीक सुईने सांध्याच्या कडेला थेंब सोडावा. केशाकर्षणाने द्रव आपोआप आत ओढला जातो. फटीतील हवेमुळे दिसणारी चंदेरी रेघ तो पुढे सरकेल तशी पुसट होत जाते. ती मध्येच कोठे शिल्लक राहिली, तर तेथे कडा सपाट नाही असे समजावे, कारण पाण्यासारखा पातळ द्रावक फट भरून काढू शकत नाही.

खरी डोकेदुखी असते ती लेझरने कापलेल्या कडांची. कापताना वितळलेली कड झपाट्याने थंड होते, तिच्यात ताण अडकून राहतो आणि द्रावक लागताच तो बारीक तड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०५ अंश सेल्सिअसला मऊ होते; म्हणून जोडण्यापूर्वी तुकडे ८० अंशांच्या आसपास काही तास तापवून सावकाश निवू दिले, तर हा ताण बराच ओसरतो. कष्टाने कापलेली खिडकी तडकण्यापेक्षा हा वेळ कधीही परवडतो.

झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेट पृष्ठभागावरील ओलाव्याने घट्ट होते, पण त्याच्या वाफा आसपास बसून पांढरा थर धरतात. पारदर्शक भागांवर ते टाळलेलेच बरे. विमानांच्या किटमधील पॉलिस्टायरीनला लिमोनिनचा (संत्र्या-लिंबाच्या सालीतील तेलाचा) सौम्य गोंद चालतो, मात्र अ‍ॅक्रिलिकवर त्याचा फारसा उपयोग होत नाही. पॉलिथीन आणि पॉलिप्रॉपिलीन तर साध्या तापमानाला या द्रावकांना दादच देत नाहीत.

डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंशांनाच उकळते, त्यामुळे बंद खोलीत त्याच्या वाफा लगेच साठतात आणि श्वासावाटे शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. क्लोरोफॉर्म यकृताला घातक आहे. कापडी किंवा धुळीचा मास्क या वाफा अडवत नाही आणि लॅटेक्सच्या हातमोज्यांतून हे द्रव चटकन आरपार जातात. म्हणून मुलांना हे काम देऊ नये आणि मोठ्यांनीही ते वारा खेळता असेल अशा उघड्या जागीच करावे.