मेंदूविकासाची जनुके आणि विषाणू-वाहक: ऑर्डर देण्याआधी एवढे वाचा

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीहून फोन येतो तो बहुधा असा: "अमुक जनुकाचा एएव्ही किती दिवसांत मिळेल?" (एएव्ही म्हणजे ॲडिनो-असोसिएटेड व्हायरस, जनुक पेशीत नेण्यासाठी वापरला जाणारा एक विषाणू.) त्यावर आम्ही उलटेच विचारतो. जनुक केवढे आहे? पेशी कोणत्या? उंदराचे वय काय? विक्रेत्याने इतक्या चौकशा का कराव्यात, ते या पत्रकात सांगतो.

विषाणू-वाहक म्हणजे स्वतःची वाढ करणारी जनुके काढून टाकलेला विषाणू. तो पेशीत शिरतो, आपण भरलेले जनुक आत सोडतो, पण पुढे पसरत नाही. जनुकापुढे जोरकस प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, असला की पेशी ते प्रथिन नेहमीपेक्षा जास्त बनवते. यालाच ओव्हरएक्स्प्रेशन म्हणतात.

आधी जागेचे बघा. एएव्हीत सगळे मिळून सुमारे ४.७ किलोबेस (एक किलोबेस म्हणजे डीएनएची हजार अक्षरे) मावतात आणि त्यातच दोन्ही टोके, प्रमोटर, शेपटीचा भाग आले. जनुकाला उरतात तीन-साडेतीन. पॅक्स६ या मेंदूविकासाच्या जनुकाचा सांकेतिक भाग (प्रथिनाची कृती असलेला) सव्वा किलोबेसच्या आसपास, तो आरामात बसतो. रीलिन या दुसऱ्या जनुकाचा दहाच्या वर. तो एएव्हीत बसत नाही, सुमारे ८ किलोबेस नेणाऱ्या लेंटिव्हायरस या दुसऱ्या वाहकातही नाही. अशी ऑर्डर आम्ही घेत नाही.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते वेळेच्या हिशेबात. उंदराच्या मेंदूच्या बाह्यपटलातले चेतापेशी गर्भाच्या साधारण ११व्या ते १७व्या दिवसात जन्मतात. एएव्हीचा डीएनए बहुतेक वेळा गुणसूत्रात जोडला जात नाही, त्यामुळे मूळपेशी विभागत गेली की तो विरळ होतो. शिवाय साध्या (एकपदरी डीएनएच्या) एएव्हीचे प्रथिन भरपूर दिसायला एक-दोन आठवडे लागतात. पिल्लू जन्मल्यावर एएव्ही टोचून चेतापेशींची संख्या वाढते का हे पाहणे म्हणजे वाफसा उडून गेल्यावर पेरणी. त्या प्रश्नाला गुणसूत्रात जोडला जाणारा लेंटिव्हायरस घ्या. फक्त माणसात सापडणारे एआरएचजीएपी११बी हे जनुक २०२०मध्ये मार्मोसेट माकडाच्या भ्रूणात लेंटिव्हायरसनेच घातले होते. गर्भातले बाह्यपटल मोठे झाले, त्यावर घड्या दिसल्या. जन्मानंतरच्या चेतापेशींच्या फांद्या, जोडण्या पाहायच्या असतील तर मात्र एएव्हीच बरा. सिनॅप्सिन प्रमोटर मूळपेशींसाठी मागू नका. तो तयार चेतापेशींतच चालतो.

"जास्तीत जास्त टायटर (दर मिलीलिटरमधले विषाणूंचे प्रमाण) द्या" असेही सांगतात. जरा थांबा. एमईसीपी२ हे जनुक निकामी झाले तर रेट सिंड्रोम हा मेंदूविकासाचा आजार होतो आणि त्याची प्रत दुप्पट झाली तरीही मेंदूचा गंभीर आजार होतो. म्हणून दोन-तीन मात्रा लावून बघा. सोबत तोच वाहक, तोच प्रमोटर, तीच मात्रा, पण आत फक्त जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन), असा तुलनेसाठीचा कंट्रोल घ्याच. नुसते सलाइन टोचून विषाणूचा स्वतःचा परिणाम कळत नाही.

माल ड्राय आइसमध्ये येतो. खोका उघडताच बर्फ शिल्लक आहे का ते पाहा, नसेल तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा. पहिल्यांदा वितळवाल तेव्हाच छोट्या नळ्यांत वाटून उणे ८०मध्ये ठेवा. गोठवणे-वितळवणे वारंवार झाले की टायटर घसरतो. डीप फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे का, हे भारनियमनाच्या आधीच विचारून ठेवा.

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची आणि प्राणी असल्यास प्राणी नैतिकता समितीची मंजुरी ऑर्डरसोबत जोडा. माल केवळ संशोधनासाठी आहे, माणसावर वापरण्यासाठी नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही सोमवारीच पाठवतो, म्हणजे खोका रविवारी कुठल्या गोदामात तापत पडत नाही.