थर्माकोलवर इपॉक्सी की पॉलिएस्टर?

रंगमंचावरचा खांब असो, प्रदर्शनातला कृत्रिम खडक असो की चित्रीकरणासाठी कोरलेला मोठा पुतळा, थर्माकोलची वस्तू नुसती रंगवून टिकत नाही. नखाने ओरखडा उठतो, हाताळताना कोपरे तुटतात, म्हणून वरून एक कठीण कवच द्यावे लागते. या कवचासाठी जे द्रव वापरतात त्यांतल्या इपॉक्सी आणि पॉलिएस्टर या दोघांची गल्लत सतत होते. दोघांनाही बोलताना नुसते ‘रेझिन’ म्हणतात, दोन्ही घट्टसर आणि फिकट पिवळसर असतात, दोघांत दुसऱ्या बाटलीतले काहीतरी मिसळावे लागते आणि दोन्ही काचेच्या कापडासोबत वापरली की तयार होणाऱ्या कवचाला सरसकट ‘फायबर’ असेच म्हटले जाते. फरक इतकाच की त्यांतले एक थर्माकोलला सांभाळते आणि दुसरे त्याला काही मिनिटांत खाऊन टाकते.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्याच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवा असते आणि उरलेल्या जागेत मण्यांच्या अतिशय पातळ भिंती असतात. पॉलिएस्टर रेझिन ब्रशने लावता येईल इतके पातळ राहावे आणि पुढे घट्ट जाळे तयार व्हावे, यासाठी त्यात स्टायरीन हा द्रव मिसळलेला असतो. त्याचे प्रमाण वजनाने सहसा ३० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान असते. पॉलिस्टायरीन ज्या स्टायरीनपासून बनते तेच इथे द्रवरूपात समोर आल्यामुळे मण्यांच्या भिंती त्यात विरघळू लागतात. पहिला हात मारताना ब्रश छान सरकतो आणि काही बिघडल्याचे जाणवत नाही. थोड्याच वेळात मात्र नाकासारखे उंचवटे आत बसू लागतात, पृष्ठभागावर चकचकीत चिकट खड्डे पडतात आणि ब्रश उचलला की त्यामागे लांब तार येते. तिथून माघार नाही, कारण रेझिन पुसून काढायला घेतलेला थिनर किंवा ॲसिटोनही थर्माकोलला तसेच विरघळवतो.

इपॉक्सीच्या नेहमीच्या मिश्रणात स्टायरीन नसते, म्हणून ते थर्माकोलवर थेट लावता येते. मात्र ‘फोमवर पॉलिएस्टर चालत नाही’ हा सरसकट नियमही खरा नाही. कडक पॉलियुरेथेन फोमवर ते चालते, कारण त्या फोमचे रसायनच वेगळे आहे. उलट दाट, गुळगुळीत आणि बरेचदा निळ्या किंवा गुलाबी पाट्यांच्या रूपात मिळणारा फोम दिसायला थर्माकोलहून वेगळा असला, तरी तोही पॉलिस्टायरीनच असतो आणि तसाच विरघळतो. तुटलेल्या कडेवर मणी दिसले तर तो थर्माकोल. नखाने घासल्यावर बारीक भुगा सुटला तर बहुधा पॉलियुरेथेन. शंका असेल तर त्याच फोमच्या कापलेल्या तुकड्यावर रेझिनचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. ही कसोटी मुख्य वस्तूच्या मागच्या बाजूलाही घेऊ नये, तुकड्यावरच घ्यावी.

यावर एक तोडगा नेहमी सुचवला जातो. आधी पाण्यात विरघळणारा गोंद, ॲक्रिलिक प्राइमर किंवा प्लास्टरचा हात द्यायचा आणि तो सुकला की वरून पॉलिएस्टर लावायचे. तत्त्वतः हे बरोबर आहे, कारण अखंड थर असेल तर स्टायरीन आत जात नाही. अडचण ‘अखंड’ या शब्दात आहे. थर्माकोलच्या मण्यांमध्ये असंख्य फटी असतात आणि प्राइमर सुकताना त्यांच्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. तेवढ्या छिद्रातून रेझिन आत उतरते आणि वरचे कवच घट्ट होण्याआधीच खाली पोकळी करते. बाहेरून सगळे नीट दिसते. बोटाने टिचकी मारली की तेवढ्या जागी पोकळ आवाज येतो आणि कुणाचा हात टेकला की तिथेच कवच आत खचते. म्हणून ज्या वस्तूवर वजन किंवा धक्का येणार आहे, तिच्यासाठी हा तोडगा मला पटत नाही. गाडीच्या पत्र्यावर भरतात ती दोन भागांची लांबीही (पुट्टी) बहुतेक वेळा पॉलिएस्टरचीच असते, हे लक्षात न घेता तिने थर्माकोलच्या फटी बुजवायला जाणे म्हणजे तीच चूक लहान प्रमाणात करणे. फटींसाठी पाण्यावर आधारलेली लांबी घ्यावी.

इपॉक्सी घेतले म्हणजे प्रश्न सुटला असे मात्र नाही, कारण गल्लतीची दुसरी जागा बाटलीत आहे. पॉलिएस्टरमध्ये घालायचे पेरॉक्साइड हे क्रिया सुरू करून देणारे द्रव्य असते. ते वजनाने साधारण १ ते २ टक्के लागते आणि या मर्यादेत ते कमी-जास्त करून रेझिन उशिरा किंवा लवकर आवळून, म्हणजे घट्ट करून, घेता येते. इपॉक्सीचे हार्डनर तसे नसते. ते रेझिनशी जोडले जाऊन कवचाचाच भाग होते, त्यामुळे उत्पादकाने सांगितलेले प्रमाण, मग ते दोनास एक असो वा आणखी काही, तंतोतंत पाळावे लागते. पॉलिएस्टरवर हात बसलेला कारागीर थंडीच्या दिवसांत सवयीने हार्डनर थोडे जास्त ओततो आणि वेग वाढण्याऐवजी कवच कायमचे मऊ किंवा चिकट राहते. डोळ्यांच्या अंदाजावर न जाता वजनकाटा वापरावा, आणि प्रमाण वजनाचे दिले आहे की मापाचे हे आधी वाचावे, कारण दोन्ही द्रवांची घनता सारखी नसते. घोटून झालेले मिश्रण दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा घोटले, तर कडेला चिकटून राहिलेले कच्चे रेझिन वस्तूवर जात नाही.

इपॉक्सी आवळताना उष्णता निघते आणि मिश्रण जितके एका जागी साचलेले, तितकी ती जास्त. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि फोमचा आकार त्याआधीच बिघडू लागतो. म्हणजे खोल खाचेत इपॉक्सी ओतून ती एकदम भरली, तर स्टायरीन नसतानाही खाच आतून वितळून मोठी होऊ शकते. थर पातळ ठेवावेत, मिश्रण पसरट ताटलीत ओतून घ्यावे आणि खाचा आधी फोमच्याच तुकड्यांनी भराव्यात.

काचेच्या कापडातही फरक आहे. सुटे तंतू चिकटवून केलेल्या नेहमीच्या मॅटमधला बंध स्टायरीनमध्ये विरघळेल असाच बनवलेला असतो. पॉलिएस्टर लागताच ती मॅट मऊ होते आणि वळणांवर बसते. इपॉक्सीने हा बंध सुटत नाही. मॅट ताठ राहते, कडेने उठते आणि खाली हवेचे फुगे धरते. इपॉक्सीसोबत विणलेले कापड घ्यावे. बोटे, कान अशा बारीक नक्षीसाठी ते जितके हलके तितके चांगले.

सुकल्यानंतरच्या चिकटपणाची कारणेही निराळी आहेत. मेण नसलेल्या पॉलिएस्टरचा सर्वांत वरचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे अर्धवट राहतो, म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळतात. पुढे रंग द्यायचा असेल तर ते मेण घासून काढावे लागते. इपॉक्सीवर दमट हवेत तेलकट साय धरते. ती आधी कोमट पाण्याने धुवावी आणि मगच पॉलिश पेपर लावावा, नाहीतर घासताना ती पृष्ठभागातच रगडली जाते आणि रंग पुढे पोपडे धरतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत नाक फसवते. पॉलिएस्टरचा उग्र वास लगेच जाणवतो. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरीनला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले, म्हणून मोकळी हवा आणि सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क हवाच. इपॉक्सीला वास कमी, पण त्वचेला त्याची ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. नायट्राइल या कृत्रिम रबराचे हातमोजे त्यासाठी. पॉलिएस्टरसोबत कोबाल्ट (क्रियेचा वेग वाढवणारे द्रव्य) वेगळा मिळत असेल, तर तो आणि पेरॉक्साइड कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटावा, मगच पेरॉक्साइड घालावे.

वजनात दोघांत फारसा फरक नाही: एक चौरस मीटरवर नुसत्या रेझिनचा एक मिलिमीटर जाडीचा थर साधारण १.१ ते १.२ किलो भरतो, आणि टांगायच्या वस्तूचा हिशेब यावरूनच करावा लागतो. उन्हात राहणाऱ्या वस्तूबाबत इपॉक्सी कमी पडते. ते पिवळे पडते, आणि खोलीच्या तापमानाला आवळलेली बरीच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ होऊ लागतात, त्यामुळे वरून फिकट, ऊन रोखणारा रंग हवा. आगीपासून मात्र दोन्हींपैकी एकही वाचवत नाही, दोन्ही जळतात.

दुरुस्तीच्या वेळी दोन्ही रेझिने समोरासमोर येतात. घासलेल्या जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले धरते. ताज्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर मात्र नीट आवळत नाही, कारण उरलेले हार्डनर त्याच्या क्रियेत अडथळा आणते. शिवाय तडा गेलेल्या जागी आतले थर्माकोल उघडे पडलेले असते. त्यामुळे जुने कवच कशाचे आहे हे ठाऊक नसेल, तर ठिगळ इपॉक्सीचेच लावावे.